शिळी रांगोळी

ती घरफोडी आजही माझ्या मनातून जात नाही, आणि याचं कारण चोर नाही, त्या घरापुढची रांगोळी आहे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, रात्र-रात्र नाकाबंद्या लावल्या. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात किंवा एखाद्या सोसायटीत घराच्या सुरक्षेवर बोलायला बोलावतात, तेव्हा लोकांना तसलंच काहीतरी ऐकायचं असतं. "साहेब, एखादी भारी केस होऊन जाऊ द्या." मी त्यांना ही सांगतो. आधी चेहरे पडतात, कारण घरफोडी, तीही भरदिवसाची, आणि रक्ताचा एक थेंब नाही. पण दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन येतो की बायका सकाळपासून उंबऱ्याकडे बघतायत.

नावं कुणाचीच सांगणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना मी आजी म्हणेन, आणि त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंना मावशी. गल्लीतही त्यांना मावशीच म्हणत.

मी तेव्हा नाशिकमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पाथर्डी फाट्याच्या बाजूला रो-हाउसच्या गल्ल्या आहेत. एकाला एक लागून घरं, पुढे छोटी पोर्च, पोर्चमध्ये एक तुळस आणि एक झाकलेली स्कूटर. हे कुटुंब मूळचं पिंपळगाव बसवंतकडचं. द्राक्षबाग तिकडे, बिऱ्हाड इकडे. घरात तिघंच होती, आजी, मुलगा आणि सूनबाई. नात पुण्याला शिकत होती. द्राक्षाची तोडणी सुरू झाली की तिघंही घराला कुलूप लावून मळ्यावर जात. तोडणीला घरचं माणूस नसेल तर मालही जातो आणि झोपही जाते, हे बागायतदाराला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या वर्षी ते परत आले तेव्हा ग्रिलचं भलंमोठं पितळी कुलूप जसंच्या तसं लटकत होतं. तुटला होता तो कोयंडा. लोक कुलूप हत्तीचं घेतात आणि कोयंडा उंदराचा लावतात, हे मी पंचवीस वर्षं पाहत आलो आहे.

ठाणे अंमलदाराचा फोन आला तसा मी स्वतः स्थळ पाहणीला गेलो. दारातली कमळांची मोठी रांगोळी, कडेनं विस्कटलेली, ओलांडून आत शिरलो. बेडरूममधलं कपाट उचकटलेलं, सूनबाईंचं गंठण आणि कानातले गेलेले. स्वयंपाकघरात तर पाय ठेवायला जागा नव्हती. गव्हाची पत्र्याची कोठी आडवी, तांदळाचा डबा उपडा, डाळी, रवा, शेंगदाणे, अगदी चिवड्याचा डबासुद्धा ओतलेला. त्या धान्याच्या ढिगाऱ्यात आजी फतकल मारून बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी गहू चाळत होत्या.

"आजी, काय शोधताय?"

"पाटल्या," त्या म्हणाल्या. "नातीच्या लग्नाच्या. माझ्या सासूनं मला घातल्या होत्या. गव्हात ठिवल्या होत्या, फडक्यात बांधून."

ठसे तज्ज्ञांनी त्यांना उठवायचा प्रयत्न केला, पण त्या उठल्या नाहीत. शेवटी पंचनामा त्यांना वळसा घालूनच करावा लागला. श्वान आलं, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं आणि तिथे बसलं. याचा अर्थ चोर तिथून गाडीवर गेला. एवढं सांगून श्वान आपल्या गाडीत जाऊन झोपलं.

फिर्याद लिहिताना प्रश्न विचारावाच लागतो, कुणावर संशय आहे का? आजींनी क्षणाचाही विचार केला नाही.

"संशय कसला, खात्रीच हाय. कोठीत पाटल्या हायेत हे दोघींनाच ठावं. येक मी आन दुसरी ती. गेल्या उन्हाळ्यात गव्हाला एरंडेल चोळाया तीच व्हती माझ्यासंगं. दुसरं कोण आसंल, साहेब?"

सूनबाई हळूच म्हणाल्या, "आई, त्या सहा वर्षं येतात आपल्याकडे."

"म्हून तं ठावं तिला," आजी म्हणाल्या.

गल्लीच्या तोंडाशी एका दुकानाचा कॅमेरा होता. गाड्या तर दिवसभर येत-जात होत्या, त्यातून काही हाती लागेना, पण रोज सकाळी आठला मावशी गल्लीत शिरताना दिसत होत्या. गल्लीतली कामं दहानंतरची, मग ही बाई रोज आठलाच तिथे कशाला? मावशींची गल्लीत चार घरची कामं होती. संध्याकाळपर्यंत चारातली दोन सुटली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घरानं निरोप धाडला, "सध्या नका येऊ, पाहुणे आहेत." पोलिसांना तपासाला वेळ लागतो. गल्लीला लागत नाही.

मी मावशींना ठाण्यात बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसवली, दार उघडं ठेवलं. पेठकडच्या, चाळिशीच्या, काटक बाई होत्या. मुलगी नर्सिंगला होती, त्या दोघीच एका खोलीत राहत. रडल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आहे. संशयितांमध्ये जे लगेच रडतात त्यांच्याबद्दल मी सावध असतो, आणि जे मुळीच रडत नाहीत त्यांच्याबद्दलही. पण या बाई तिसऱ्याच प्रकारच्या होत्या. त्यांना राग आला होता आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं.

"रोज कामाच्या वेळेआधीच त्या गल्लीत कशाला जात होता?"

"शेजारचं मास्तरांचं घर हाय ना साहेब, त्येंच्याकडं. मास्तर आन बाई बंगलोरला गेलेत पोराकडं. मला सांगून गेले, मावशी, सडा टाकत जा, रांगोळी काढत जा. उंबरा भुंडा नको दिसायला."

"आणि आजींच्या घराचं?"

"मी इचारलं होतं. आजी, तुमच्याबी दाराशी टाकीत जाईन म्हटलं. हातासरशी होतं. त्या म्हणल्या, नको, रिकाम्या घराकडं तू चकरा मारू नको. मीच मोठी काढून जाते, आठ दिस टिकंल अशी."

मी लिहून घेतलं आणि तेव्हा त्यावर फार विचार केला नाही, कारण माझं डोकं डब्यांमध्ये अडकलं होतं. ज्याला पाटल्या गव्हात आहेत हे ठाऊक आहे, तो चिवड्याचा डबा कशाला ओतेल? तो सरळ कोठीला हात घालील, पाटल्या काढील आणि झाकण लावून जाईल. कदाचित दिवाळीपर्यंत कुणाला कळायचंही नाही. ज्याने सगळं स्वयंपाकघर जमिनीवर आणलं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. एवढं मी आजींना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुद्दाम केलं आसंल तिनं, तुमाला चकवाया." यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

मावशी जायला निघाल्या तेव्हा दारात थांबल्या.

"साहेब, मला एक कागद मिळंल का? मी चोर नाय असा. शिक्का मारून."

असा कागद कुठल्याच पोलीस ठाण्यात मिळत नाही. माणूस आरोपी असल्याचे कागद आमच्याकडे ढिगानं असतात. मी तसं त्यांना सांगितलं आणि सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खबर आली ती घोटीहून, आणि आणली ती आमच्या ठाण्यातल्या एका हवालदारानं, ज्याची सासुरवाडी घोटी. हा गडी सासरी गेला की दोन दिवस सुस्त होऊन परत यायचा, म्हणून आम्ही त्याची टिंगल करायचो. त्या सोमवारी मात्र तो आला तोच ताठ.

"सर, आमच्या सासऱ्यांच्या ओळखीचे एक सराफ आहेत. त्यांच्याकडे एक जण पाटली मोडायला आला होता. सराफानं हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, एरंडेलाचा वास येतोय. पावती मागितली तर म्हणे, आईची आहे, पावती घरी राहिली. सराफानं गोड बोलून सांगितलं, बाजारच्या दिवशी या, भाव चांगला देतो."

मी खुर्चीतून उठलो. एरंडेल चोळलेल्या गव्हात महिनोन् महिने पडलेली पाटली, ती फडक्यातूनही वास धरणारच. आमच्या घरीही वर्षाचे गहू असेच भरत, तो वास मला पाठ होता.

बाजारच्या दिवशी आम्ही साध्या कपड्यांत घोटीला गेलो. एक जण समोर भेळ खात बसला, दोघं सराफाच्या दुकानात गिऱ्हाईक होऊन. भेळवाल्या शिपायानं नंतर दुसरी प्लेटही मागवली, तपासकामासाठी म्हणे. तो आला. तिशीचा, नीटनेटका, मोटारसायकलच्या मागे रंगीत पायपुसण्यांचा गठ्ठा बांधलेला. खिशात एक पाटली मिळाली. धावला नाही, ओरडला नाही. "साहेब, काहीतरी गैरसमज होतोय," एवढंच म्हणाला. चौकशीसाठी त्याला ठाण्यात आणला.

दुपारभर त्याचं एकच पालुपद, स्टँडवर एका अनोळखी माणसाकडून घेतली. लोकांना वाटतं चौकशी म्हणजे पट्टा आणि आरडाओरडा. माझा अनुभव असा की माणूस मारानं जेवढं बोलतो त्यापेक्षा आपल्या कामाबद्दल विचारलं की जास्त बोलतो. पाटलीचा विषय मी बाजूला ठेवला. कुठल्या घरात चोरी झाली, कुठल्या भागात, हे तर आमच्यापैकी कुणीच त्याच्यापुढे काढलं नव्हतं. चहा मागवला आणि गठ्ठ्यातलं एक पायपुसणं उलटंपालटं करून पाहिलं.

"माल चांगला आहे. खपतो का?"

"खपतो ना साहेब. पण गिऱ्हाईक ओळखता आलं पाहिजे. नुसतं ओरडत फिरून काय होत नाय."

"ते कसं ओळखायचं?"

तो खुर्चीत जरा पुढे सरकला. "उंबऱ्यावरनं. आपला धंदाच उंबऱ्याचा. सडा ओला आहे, म्हणजे बाई घरात आहे, हाक मारायची. भरदुपारी पोर्चमधला दिवा जळतोय, म्हणजे घरात कोणी नाय, आपलं तोंड दुखवायचं नाय. लोकांना वाटतं दिवा चालू ठेवला की घरात माणूस वाटतं. रात्री वाटतं साहेब, दुपारी उलटंच वाटतं. बाहेर मोठं कुलूप, मग तर बोलायलाच नको. आन दोरीवर तेच कपडे, दारात तीच रांगोळी..." तो रंगात आला होता. "आता त्या कमळवाल्या घराचंच बघा. एवढी मोठी कमळं काढलेली, रंग भरलेले, एक नंबर. पण दोनदा हाक मारली तर उत्तर नाय. बघितलं तर रांगोळी शिळी."

मी कप खाली ठेवला.

"कुठलं कमळवालं घर?"

त्यालाही कळलं. कप बाजूला सारत तो म्हणाला, "तुम्ही चहा पाजायला नको होता साहेब."

पोळी शिळी होते, भात शिळा होतो, हे मला माहीत होतं. रांगोळी शिळी होते हे मी त्या दिवशी शिकलो. शेजारच्या साऱ्या दारांत रोज कालची पुसून नवी काढली जात होती, आणि एका दारात तीच आठ पाकळ्यांची कमळं, कडेनं वाऱ्यानं विस्कटलेली. उंबरा भुंडा ठेवून जाऊ नये म्हणून आजींनी अर्धी सकाळ खपून ती काढली होती. आपण घरात नाही, ही पाटीच त्यांनी स्वतःच्या हातानं, रंग भरून, दारात लिहून ठेवली होती.

पुढचं सगळं रीतसर झालं. अटक, पोलीस कोठडी, पंचांसमोर निवेदन. त्याच्या भाड्याच्या खोलीत, न विकलेल्या पायपुसण्यांच्या गठ्ठ्यात गंठण, कानातले आणि दुसरी पाटली मिळाली. मला दोन गोष्टी त्याला विचारायच्या होत्या. पहिली, गव्हाच्या कोठीचं कुणी सांगितलं?

तो हसला. "कोण सांगंल साहेब? समद्या आया तिथंच ठेवतात. माझी आईबी डब्यातच ठेवायची. फक्त कुठल्या डब्यात ते म्हाइत नसतं, म्हणून सगळे ओतावे लागतात."

दुसरी, शेजारच्या मास्तरांच्या घरालाही कुलूप होतं, महिनाभर होतं. ते का सोडलंस?

"कुलूप होतं?" त्याला खरोखर आश्चर्य वाटलं. "आपलं तिकडं लक्षच गेलं नाय. तिथं रोज एक बाई सडा टाकायची. मी एकदा विचारलंबी, ताई, पायपुसणं घ्या. म्हणली, घरच्यांना इचारून सांगते, उद्या या. रांगोळी रोज नवी. मला वाटलं, भरलं घर हाय."

ही मावशींची सकाळची फेरी. कॅमेऱ्यात दिसलेली, गल्लीच्या डोळ्यांत खुपलेली, तीच. एका भिंतीच्या अलीकडचं घर त्यांनी राखलं होतं आणि पलीकडचं राखू दिलं गेलं नव्हतं.

न्यायालयाच्या आदेशानं दागिने परत देण्याच्या दिवशी आजी, मुलगा आणि सूनबाई ठाण्यात आले. सही करण्याआधी मी त्यांना बसवलं आणि चोराचा जबाब शब्द न् शब्द सांगितला. कमळांचं सांगितलं, डब्यांचं सांगितलं, मास्तरांच्या घराचं सांगितलं. पाटल्या टेबलावर तशाच होत्या. आजींनी त्यांना हात लावला नाही.

"म्हंजी दार म्याच दाखवलं," त्या म्हणाल्या. "आन नाव तिचं घेतलं."

मग त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"तिचं काय झालं वो साहेब? कुठं काम करती आता?"

"एकच घर उरलंय. मास्तरांचं. मुलीचं शिक्षण कसं रेटते ते तीच जाणे." मग मला राहवलं नाही. "आजी, पाटल्या मी शोधून आणल्या. तिचं नाव मला आणून देता येत नाही. ते तुम्ही गल्लीत घालवलंत, गल्लीतच परत द्यावं लागेल."

मुलगा चपापला. पोलीस अधिकाऱ्यानं फिर्यादीला असं बोलू नये हे मलाही कळत होतं. आजी मात्र माझ्याकडे रोखून बघत होत्या आणि मान हलवत होत्या.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या रहिवाशांनी मला मार्गदर्शनासाठी बोलावलं. संध्याकाळी आजींच्याच पोर्चसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. कोयंडा कसा असावा, मळ्यावर किंवा लग्नाला गेल्याचे फोटो परत आल्यावर टाकावेत, गव्हाच्या कोठीपेक्षा बँकेचा लॉकर बरा, असं सगळं मी कागदावर टिपून नेलं होतं. बोलायला उभा राहणार, इतक्यात आजी उठल्या. त्यांच्या मागे सूनबाईंबरोबर मावशी उभ्या होत्या. आजी स्वतः दुपारी त्यांच्या खोलीवर जाऊन त्यांना घेऊन आल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

"साहेबांचं मागून ऐका. आधी माझं ऐका," आजी म्हणाल्या. आवाज मळ्यावर हाक मारायचा, गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "म्या हिला चोर म्हणले. तुमी समद्यांनी ऐकलं, आन लगीच खरं धरलं. ही चोर नव्हती. हिनं मास्तरांचं घर राखलं. माझंबी राखाया आली व्हती, म्या हाकलली. चूक माझी हाय. आता समद्यांनी हेबी ऐकलं का?"

कुणी खाली बघत होतं, कुणी मोबाइलमध्ये. ज्या बाईंकडे "पाहुणे" आले होते, त्यांनी पदर सारखा केला. पण आजींना उत्तर हवंच होतं. "ऐकलं का?" त्यांनी परत विचारलं, तेव्हा चारदोन माना हलल्या.

मग आजींनी कमरेची किल्ली सोडली. रोजच्या वापरातली, पितळी कुलपाची. "धर. उद्यापास्नं ही तुझ्याकडं. आमी असू नसू."

मावशींनी हात पुढे केला नाही. दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नाय आजी. काम करीन. तुम्ही मळ्यावर गेलात का सडाबी टाकीन, रांगोळीबी काढीन, रोजच्या रोज. पण किल्ली नको. रांगोळीला किल्ली नाय लागत."

किल्ली घेतलेला आजींचा हात तसाच पुढे राहिला. त्या खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मावशी थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. किल्ली मात्र त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. कागदावर टिपलेलं भाषण मी खिशात घातलं, कोयंड्याबद्दल दोन वाक्यं बोललो आणि चहा घेऊन निघालो.

मावशींना सुटलेल्या तीन घरांपैकी दोन परत मिळाली. एकानं दुसरी बाई ठेवली होती, ती ठेवलीच. मुलगी पुढे पास होऊन नोकरीला लागली. आजी आता नाहीत.

मी शिकलो ते एवढंच. कॅमेरे लावा, चांगला कोयंडा बसवा, दिवसा जळणारे दिवे बंद करा, माझी ना नाही. पण रिकामं घर भरलेलं वाटतं ते त्याच्या दारात रोज कुणाचा तरी हात फिरतो म्हणून. तो हात विकत मिळत नाही, आणि एकदा झिडकारला तर परत येतो तोही किल्लीवाचून. सभा संपली की कुणीतरी हमखास विचारतं, "साहेब, कुलूप कुठल्या कंपनीचं घेऊ?" मी म्हणतो, कुठलंही घ्या. आधी मला सांगा, तुम्ही गावाला गेलात की तुमच्या दारात सडा कोण टाकतं?